करवतीचे दात की देवळाचे कळस?

विदर्भातल्या करवत काठी साडीचा काठ नीट पाहा. टसरचे अंग आणि काठावर ओळीने उभे त्रिकोण. या काठाचे नावच करवत, म्हणजे लाकूड कापायचे अवजार. कष्टकऱ्याच्या हातातली वस्तू! पण असाच दातेरी काठ बाजारात 'टेम्पल बॉर्डर' म्हणून विकला जातो. करवतीचे दात देवळाचे कळस होतात आणि कष्टाची खूण श्रद्धेची खूण बनते.

यावर आपल्यातले काही तरुण म्हणतात, 'कळस नव्हे, हा स्तूप आहे!' मित्रांनो, पुरावा कुठे आहे? पुराव्याशिवाय स्तूप म्हणणे हे पुराव्याशिवाय कळस म्हणण्याइतकेच कच्चे आहे. बाबासाहेबांचे अनुयायी असे वाद घालत नाहीत.

त्रिकोण कशाचे प्रतीक, यापेक्षा तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न मोठा आहे. मागावर तीन धोटे चालतात. एक अंगाचा, दोन काठांचे. अंगाचा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवत, सांधा थोडा थोडा सरकवत विणकर एकेक दात घडवतो. टसरचे कोष ऐनाच्या झाडांवर वाढवणारे धिवर, साडी विणणारे कोष्टी. आणि याच मुलखात जाडेभरडे कापड विणणारे अनेक महार. मग पुस्तकांत फक्त नक्षीचे कौतुक आणि हातांचा उल्लेख का नाही?

याच विणकामाचे मुंबईच्या गिरण्यांत काय झाले? जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव. का? तर कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ! 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्यांच्या वाडवडिलांनी मागावर कापड विणले, त्यांचीच लेकरे यंत्रमागापासून दूर ठेवली गेली. जात कापडाच्या धाग्यातही होती.

म्हणून प्रतीके शोधत बसण्याआधी एक काम करा. घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: माग होता का? काय विणत होता? काठाला काय म्हणत होता? ते शब्द लिहून ठेवा. आपण लिहिले नाही, तर उद्या आपल्या करवतीलाही कळसच म्हटले जाईल.

जय भीम!