नोकरी गार्डची, रवानगी युद्धभूमीवर

जानेवारी 2020 मध्ये सुदानची राजधानी खार्तूममध्ये अमिरातीच्या दूतावासासमोर काही कुटुंबं जमली होती. त्यांची मुलं सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी अमिरातीत गेली होती. तिथे त्यांना लष्करी प्रशिक्षण मिळालं आणि त्यातल्या अनेकांना थेट लिबियातल्या रास लानुफ या तेलाच्या बंदरावर उतरवलं गेलं. ह्यूमन राइट्स वॉचने या तरुणांशी बोलून हे उघड केलं. कंपनीने मात्र फसवणुकीचा आरोप नाकारला.

त्या वेळी लिबियात त्रिपोलीचं सरकार आणि जनरल हफ्तार यांच्यात युद्ध पेटलं होतं. तुर्कस्तानने सीरियन लढवय्ये सरकारच्या बाजूने पाठवले, तर रशियाने वॅग्नरसोबत सीरियनच तरुण हफ्तारच्या बाजूने. एकाच मुल्कातली, एकच कलमा पढणारी गरीब पोरं परक्या वाळवंटात समोरासमोर! ऑक्टोबर 2020 च्या युद्धबंदी करारात सर्व परदेशी लढवय्यांनी तीन महिन्यांत निघून जायचं ठरलं. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ते तिथे 20 हजार होते. मुदत संपली, तरी ते गेले नाहीत.

सरकारांना भाडोत्री सैनिक का हवे असतात? आपला जवान मेला की संसदेत प्रश्न येतो. भाड्याचा माणूस मेला तर जाब कुणी विचारत नाही. कायदाही त्याच्या पाठीशी नाही. 1977 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनुसार भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही. त्याला कामावर ठेवणाऱ्यांना रोखणारा करार 1989 मध्ये झाला, पण अमेरिका आणि रशिया त्यात सामीलच नाहीत. म्हणजे लढाई मोठ्यांची, जनाजा गरिबाच्या घरातून.

हे दूरचं वाटत असेल, तर 2024 आठवा. ‘हेल्पर’ची नोकरी सांगून भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ढकललं गेलं, काही जण युक्रेनच्या आघाडीवर मारले गेले. सीबीआयने गुन्हा नोंदवला. ते कायद्याने भाडोत्री नव्हते, पण जाळं तेच: कर्ज, बेरोजगारी आणि गोड बोलणारा एजंट.

आपल्या घरांतून मुलं परदेशात जातातच, रोजी हलाल आहे, जावंही. पण एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. करार समजेल त्या भाषेत वाचून घ्या. काम काय, शहर कोणतं, हे कागदावर नसेल तर पासपोर्ट हातातून सोडू नका.