किती पातळ की किती दिवस?

२०१३ साली पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने द्विमितीय, म्हणजे अतिपातळ थरांचे, पदार्थ बनवायला साधा खल-बत्ता वापरला. दोन कोरडी रसायने खलात घ्यायची आणि नेहमीच्या तापमानाला घोटायची. घोटता घोटता फिकट पिवळी भुकटी नारिंगी होते, मग गडद लाल. खलातच सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी तयार होते, थरावर थर. हे थर घोटूनच सुटेही करता येतात.

पण खलाहून मोलाचे काम त्याआधीच्या वर्षी झाले होते. अशा जाळ्या २००५ पासून जगाला माहीत होत्या. पहिल्या जाळ्यांचे बंध बोरॉनचे होते आणि पाणी लागले की त्या मोडत. पुण्याच्या गटाने बांधणी दोन पायऱ्यांत केली. पहिली पायरी परतीची, त्यामुळे चुकीचा जुळलेला बंध सुटून पुन्हा नीट जुळतो. दुसरी बिनपरतीची, त्यामुळे नीट जुळलेले पुन्हा सुटत नाही. ही जाळी उकळत्या पाण्यात टिकली, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकली.

द्विमितीय पदार्थांच्या बातम्या मात्र अजून जाडीवरच अडल्या आहेत. 'एका अणूइतका पातळ' हा मथळा होतो. तो थर किती दिवस टिकला, हे शेवटच्या ओळीतही नसते. काळ्या फॉस्फरसचा पातळ थर उघड्या हवेत, उजेडात लवकरच खराब होऊ लागतो. मॅक्सीन हा टायटॅनियम आणि कार्बनचा पातळ थर पाण्यात ठेवला, तर हळूहळू त्याचे टायटॅनियम डायऑक्साइड होते. थर जितका पातळ, तितका तो हवापाण्याला उघडा. ज्या पृष्ठभागासाठी या पदार्थांना किंमत आहे, तिथूनच ते झिजतात.

म्हणून संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी प्रत्येक अर्जात दोन आकडे मागावेत. एका खेपेत माल किती निघतो? आणि उघड्यावर तो किती दिवस टिकतो? पुण्यात ही परीक्षा सोपी आहे. जुलैच्या दमट हवेत नमुना महिनाभर उघडा ठेवावा आणि सगळी मोजमापे पुन्हा घ्यावीत. घसरलेला आकडाही शोधनिबंधात छापावा.

या पदार्थांचा पाणी गाळणारा पडदा केला, तर तो शेवटी पाण्यातच राहणार आहे. तिथे जो टिकत नाही, त्याच्या पातळपणाचा कोणालाही उपयोग नाही.