मंद आवाजाचा दोष कोणाचा?

घरच्या घरी गाणे मुद्रित करण्याची सोय आता इतकी सुलभ झाली आहे की, धार-देवासच्या कोणत्याही आळीत एखादा विद्यार्थी समोर संगणक, पुढ्यात मायक्रोफोन आणि कानांवर हेडफोन अशा थाटात बसलेला आढळावा. या मंडळींची एक तक्रार हटकून कानी येते, ती म्हणजे हेडफोनमध्ये आवाज फार हळू येतो. तक्रार खरी असते. तिच्यावर योजला जाणारा उपाय मात्र बहुधा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला फुकट मिळालेले नाही.

माझी आजी मूळची धारची. पवारांच्या संस्थानांबरोबर जी मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि येथेच रुजली, त्यांपैकी एका घरात ती वाढली. तिच्या भूपाळ्या आणि जात्यावरच्या ओव्या तिच्या आईकडून आलेल्या. त्यांत मराठीच्या अंगणात माळवीचे शब्द असे सहज वावरतात की, कोणता पाहुणा आणि कोणता घरचा हे ओळखू नये. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत ती देवासला आमच्याकडे आली असता हे सारे मुद्रित करून ठेवण्याचे मी ठरविले. संगणकावर तंबोरा लावला आणि तिच्या कानांवर हेडफोन चढविला. दोन ओळी म्हणून ती थांबली व म्हणाली, "अरे, तंबोरा ऐकूच येत नाही रे. मी कशाला धरून म्हणू?"

मी काय केले? हाताशी आलेली पहिली कळ फिरविली. ती कळ मायक्रोफोनच्या ‘गेन’ची होती. आजीचा स्वतःचा आवाज तिच्या कानांत आणखी मोठा झाला, तंबोरा त्याखाली अधिकच बुडाला. म्हणून मी कळ आणखी फिरविली. लाल दिवा लुकलुकत होता, तो मला उत्साहाचे चिन्ह वाटला! रात्री ऐकून पाहिले तेव्हा वरच्या स्वरांवर प्रत्येक ठिकाणी आवाज फाटलेला होता.

आता या प्रकरणातील शास्त्र पाहू. मायक्रोफोन व संगणक यांच्यामध्ये जे लहानसे यंत्र असते, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. त्यावर ‘गेन’ची कळ मुद्रणाची पातळी ठरविते आणि हेडफोनची कळ केवळ कानांपुरती असते. दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नाही. पुष्कळ यंत्रांवर तिसरीही एक कळ असते. एका बाजूला वळविली की मायक्रोफोनचा थेट आवाज अधिक, दुसऱ्या बाजूला वळविली की संगणकातून येणारा आवाज अधिक. माझ्या यंत्रावर ती होती. आजीला हवा असलेला तंबोरा त्या कळीच्या पाव फेऱ्याइतकाच दूर होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून जसा ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो. त्यामुळे नुसते ऐकताना पुरेसा वाटणारा तंबोरा गाऊ लागताच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी हेडफोनमधला स्वतःचा आवाज कमी करावा किंवा एक कान सरळ मोकळा ठेवावा. (मोकळ्या बाजूची वाटी मात्र गालाशी दाबून धरावी, नाहीतर तिच्यातला तंबोरा मायक्रोफोनमध्ये शिरतो.)

देवासने पाण्याची टंचाई फार सोसली आहे. 1990 च्या सुमारास येथे रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला धार बारीक आली तर येथील माणूस टाकी फोडावयास धावत नाही. आधी शेजारच्या नळाला पाणी आहे का, ते विचारतो. तीच रीत येथे लागू करावी. आपल्या परिचयाचे एखादे चांगले मुद्रित गाणे त्याच हेडफोनवर लावून पाहावे. तेही हळू येत असेल तर खोट ऐकण्याच्या बाजूची. ते ठणठणीत आणि आपलेच मुद्रण तेवढे हळू असेल तर खोट मुद्रणाच्या बाजूची. इतके कळले की अर्धे काम झाले. पुढे संगणकातील आवाजाच्या खुणा पाहाव्यात. कित्येकदा प्रत्येक कार्यक्रमाची पातळी निराळी असते व एकच खाली घसरलेली असते. खटका पुरता आत बसला आहे का, तेही पाहावे. खटक्याचा सामाईक जोड सैल असेल तर मोठी गंमत होते. मधोमध असलेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि कडेची वाद्ये तेवढी पोकळ वाजत राहतात.

एवढे करूनही आवाज मंदच असेल, तर हेडफोनवरील ओहमचा आकडा वाचावा. तेवढ्याच व्होल्टतेवर 32 ओहमच्या हेडफोनला जी शक्ती मिळते, तिच्या सुमारे एक अष्टमांश 250 ओहमच्या हेडफोनला मिळते. फरक सुमारे 9 डेसिबलचा पडतो. अर्थात हेडफोनची संवेदनक्षमता कमी-अधिक असते, म्हणून ओहम हेच सर्वस्व नव्हे. परंतु 250 ओहमचा हेडफोन साध्या फोनला जोडून तो मंद आहे अशी ओरड करणे म्हणजे बैलाला घोड्याचा चारा घालून नांगर ओढत नाही म्हणण्यासारखे आहे. तेव्हा मात्र स्वतंत्र वर्धक घेणे योग्य होय. इतर वेळी तो घेणे म्हणजे वडिलांच्या पैशाचा अपव्यय.

माझा मुख्य आक्षेप घाईवर आहे. मुद्रण हळू झाले तर ते पुढे वाढविता येते. 24 बिटांच्या मुद्रणात त्यासाठी भरपूर जागा असते, म्हणून सर्वांत उंच स्वर कमाल मर्यादेच्या 10-12 डेसिबल खाली राहिला तरी काही बिघडत नाही. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत करता येत नाही. कानांचेही तसेच. 80 डेसिबल आवाज प्रौढांनी आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी 75 डेसिबलची मर्यादा धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मानकात सांगितले आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. आमच्यापैकी कितीजण हा हिशेब करतात?

ज्या गावात हे मी लिहितो आहे, त्या गावात 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन आले आणि बरे होईपर्यंतची वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. त्या काळात अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी ऐकली आणि पुढे आपल्या गायकीत ती आणली. तेथे ना हेडफोन होता ना आवाज वाढविण्याची कळ; जो काही स्वर दारावरून जात असेल तेवढाच. हळू आवाज कान देऊन ऐकण्याची ती सवय आपल्याला उरलेली नाही, म्हणून आपण प्रथम कळीकडे हात नेतो.

आजीचे ते मुद्रण पुन्हा करावे असे मी ठरविले होते. पण परीक्षा आल्या आणि पौषात तिला जो खोकला जडला, त्याने तिची वरची पट्टी कायमची नेली. आता ती ओव्या म्हणते, परंतु सांगितल्यासारख्या. धारहून येते तेव्हा "ते माझे गाणे लाव पाहू" असे मला म्हणते. मी लावतो आणि आवाज मुद्दामच लहान ठेवतो.