चेंडूला शिवाशीव नसते

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरवाड्यांतून वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांनी घरी चिंध्यांच्या चेंडूने लगोरी खेळलेली असते. त्या चेंडूला टप्पा नसतो. म्हणून मैदानावर उसळणारा रबरी चेंडू त्यांना नवलाचा वाटतो. चित्रकलेच्या तासाला तोच चेंडू ठेंगण्या होत जाणाऱ्या कमानींच्या रूपाने कागदावर उतरतो.

चेंडूचे याहून मोठे मोल आम्ही जाणतो. पुण्यात घडलेले दलित गोलंदाज पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सहखेळाडूंना चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे.

आज आपल्या मैदानावर महादेव कोळी, ठाकर, बौद्ध अशा सर्व घरांतील मुले खेळतात. चेंडू कोणाच्या हातून आला, हे कोणी विचारीत नाही. समतेचा हा पाठ झेल घेताना हातालाच कळतो. परीक्षा जवळ आली की खेळाचा व चित्रकलेचा तास प्रथम कापला जातो, हे आम्हांस मान्य नाही. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी हे दोन तास राखावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.