फाईल मराठीत, मोबाईलवर मात्र गिचमिड. जुन्या फॉन्टचा घोळ संपेना

मंचर : ग्रामसभेची नोटीस व्हॉट्सॲपवर येते, उघडून बघावं तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. तारीख कळत नाही, विषय कळत नाही. मोबाईल बिघडला म्हणून माणूस सोडून देतो. मोबाईल धडधाकट असतो, दुखणं फाईलमध्ये असतं.

डीटीपीच्या दुकानात आजही श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी असे जुने फॉन्ट चालतात. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाईलमध्ये साठतो तो इंग्रजी अक्षराचाच नंबर. कांद्याच्या गोणीवरची खूण ज्या त्या आडत्यालाच कळावी, तसं हे. तो फॉन्ट असलेल्या विंडोजच्या संगणकावर मराठी दिसतं, ॲन्ड्रॉईडवर फाईल गेली की खूण वाचणारा कुणी नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर आहे. ‘म’चा २३५०, मग विंडोज असो, लिनक्स असो की मोबाईल. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ हे प्रमाण ठरवलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. श्री-लिपी पुण्याची, सी-डॅक पुण्याचं. साठेक किलोमीटरवर हे सगळं घडलं आणि इथल्या नोटिसा अजून वाचता येत नाहीत, हे नवलच.

नोटीस निदान परत मागता येते. खरा धोका जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणताना आहे. ‘कर्डिले’ आडनाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी ‘ड’च्या आधी साठते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टर चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार गळतो. नाव बदललं, की वारस नोंद, पीककर्ज, अनुदान सगळीकडे ‘नाव जुळत नाही’.

युनिकोडमध्येही गोम आहेच. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. यादीत नाव असूनही शोधल्यावर सापडत नाही ते यामुळेही. मराठीचा ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवलं जाई, त्या जुन्या नोंदी तशाच आहेत.

टाईप करून घेतलेली फाईल तपासणं सोपं आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड, इंग्रजी झाली तर दुकानातच बदलून घ्या. सी-डॅकचे ‘डीव्हीओटी’ नावाने सुरू होणारे फॉन्ट युनिकोडचे आहेत. ‘डीव्हीबी-टीटी’ नकोत.

सातबाऱ्यावर नावाचं अक्षर चुकलं असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. अर्जाला जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफाराची नक्कल जोडावी. हाताने लिहिलेल्या त्या कागदावर फॉन्टचा प्रश्न नसतो.