रंगाखालची ओल

‘घर म्हटलं की कामं निघायचीच’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. बदलापूर पूर्वेला आमच्या सोसायटीत ते जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी सारखं कानावर पडतं. न्हाणीघराच्या छताचं प्लास्टर सुटून बादलीत पडलं, तरी तेच. भिंतीतून पाणी उतरून स्विचबोर्डला करंट येऊ लागला, तरी तेच. हॉलमधल्या लाद्या फुगून वर आल्या, सज्जाचा कोपरा निखळला, बेसिनखाली पाइपचा सांधा सुटून स्वयंपाकघरात पाणी झालं, आणि हे सगळं एकाच पावसाळ्यात घडलं की कुणी वास्तुवाल्याचा नंबर देतं, कुणी दाराला लिंबू-मिरची बांधायला सांगतं.

नशिबाचा इथे काही संबंध नाही. बांधताना जी कामं केलीच नाहीत, ती आपण कर्जाचे हप्ते फेडता फेडता स्वतःच्या खिशातून करतो आहोत.

२७ जुलै २०१९ला उल्हास नदी चढली, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. तेव्हा नदीकाठच्या घरांचं जे झालं त्याला पूर म्हणा. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात कुठली नदी शिरली?

यंदा आमच्या न्हाणीघराची फरशी उकरली. खाली विटांचे तुकडे निघाले, सिमेंटच्या गोणीचं चुरगळलेलं प्लास्टिक निघालं, सेंट्रिंगच्या फळीची कुजलेली ढलपी निघाली आणि त्याखाली थेट स्लॅब. गवंड्याने घमेलं भरून राडारोडा बाहेर नेला आणि म्हणाला, “ताई, इथं कोबा केलेलाच नाही. वरून नुसती फरशी बसवलीय.” न्हाणीघराखालचा खोलगट स्लॅब आधी वॉटरप्रूफ करायचा, कोपरे नीट भरायचे, मग त्यात पाणी साठवून एक-दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. ओल दिसली नाही तरच फरशी लावायची. इमारत उभी राहत असताना हे काम स्वस्तात होतं. लोक राहायला आल्यावर तेच करायचं तर फरशी, भिंतीच्या टाइल्स, पाइप, सगळं फोडावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींशी भांडण होतं ते वेगळं, आणि त्यात दोघींचाही दोष नसतो.

हा प्रश्न डागांपुरता असता तर मी इतकी तळमळले नसते. झिरपलेलं पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत जातं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. छताचे पोपडे पडतात ते त्यामुळे. त्यावर पुट्टी भरून रंग मारला की आतलं दिसेनासं होतं, पण गंज चढतच राहतो. मे २०२१मध्ये आपल्या शेजारच्या उल्हासनगरात एका पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरचा स्लॅब खालच्यावर आदळत गेला, माणसं आपापल्या घरात गाडली गेली. इथून लोकलने दोन-तीन स्टेशनं. तरीही आमच्याकडे पोपडे पडले की आधी पेंटरला फोन जातो!

कात्रप, मांजर्ली, हेंद्रेपाड्याकडे नव्या टॉवरांमध्ये ज्यांना आज चावी मिळते आहे, त्यांनी तरी हे डोक्यात ठेवावं. रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. पण ही पाच वर्षं बदलापूरकराची जातात कुठे? पहाटेच्या लोकलमध्ये. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं, आणि रविवारी तक्रार करायला जावं तर साइट ऑफिस बंद. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो पडतो, बिल्डरचा माणूस येऊन भेगेत व्हाइट सिमेंट भरून जातो आणि सगळे गप्प बसतात. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही. तारीख घालून, फोटो लावून, स्पीड पोस्टाने लेखी द्या, पोचपावती जपून ठेवा.

आमची इमारत आता पंधरा वर्षांपुढची आहे. आमच्यासाठी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट लिहिलंय: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यानंतर तीन वर्षांतून एकदा. गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीने काढायची, आपल्या संडास-सिंकची ज्याची त्याने. नियमात कुठे धूसरपणा नाही. तरीही कमिटी दर वेळी गेट, नामफलक आणि गणपतीआधीचा रंग यांवर पैसे काढते, आणि ऑडिटचा विषय निघाला की “उगाच कशाला खर्च, काका?” म्हणून विषय मिटतो.

येत्या वार्षिक सभेत बाहेरून रंग द्यायचा ठराव आहे. मी त्याच्या विरोधात हात वर करणार आहे. आधी अभियंता बोलवा, स्लॅब ठोकून बघा, अहवाल नोटीस बोर्डावर लावा आणि दुरुस्तीची निविदा काढा. तोवर रंगासाठी माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही, आणि हे मी सभेच्या इतिवृत्तात लिहून घेणार आहे.