सीपी असलेलं मूल : "चालेल का?" याच्या पुढचे प्रश्न



सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेलं मूल शाळेत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे कधी चालायला लागेल?" माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. मूल रोजच्या जगण्यात काय करू शकतं, हे फक्त पायांवर ठरत नाही.

मेंदूला इजा किती आणि कुठे झाली, हे महत्त्वाचं आहेच. ती इजा वाढत जात नाही, पण पूर्ण भरूनही येत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये या मुलांच्या हालचालींचे पाच स्तर मांडले. पहिल्या स्तरातलं मूल आधाराशिवाय चालतं, पाचव्या स्तरात मान सावरणंही कठीण जातं. शाळेत येण्याच्या वयापर्यंत हा स्तर बहुतेक ठरून गेलेला असतो.

तरीही एकाच स्तरातली दोन मुलं सारखी नसतात. कुणाला फिट्स येतात, कुणाला नीट दिसत किंवा ऐकू येत नाही. वाढत्या वयात ताठ स्नायू आखडत जातात, म्हणून नियमित फिजिओथेरपी लागते. बोलणं अस्पष्ट असलं म्हणजे बुद्धी कमी, असंही नाही.

आणि उरलेली गोष्ट आपल्या हातात आहे : परिसर. सतरंजीवर बसवलेल्या मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पाठीला आधार आणि पाय टेकतील अशी खुर्ची दिली, तर हात लिहायला मोकळे होतात. कमोड नसेल तर मूल दिवसभर पाणीच पीत नाही, मग लक्ष कसं लागणार? उत्तराला थोडा जास्त वेळ आणि चित्रांचा तक्ता दिला, तर न बोलणारं मूलही उत्तर देतं.

घरीही तसंच. घाई असते म्हणून आई भरवते, शर्टाची बटणं लावते. निदान सुट्टीच्या दिवशी ते काम मुलाला स्वतः करू द्या. सांडेल, वेळ लागेल, पण सवय तिथेच लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पटावर नाव घातलं की तो हक्क पूर्ण होत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत खुर्ची, रॅम्प आणि कमोड हे तीन विषय नक्की मांडा. मेंदूतली इजा आपण बदलू शकत नाही, वर्ग मात्र बदलू शकतो.